चेंबरमध्ये गोळी ठेवू की नको?

वाचकाचं पत्र

ताई, मी टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहते आणि घरं विकण्याचा व्यवसाय करते. रिकामी घरं अनोळखी माणसांना बरेचदा एकटीनेच दाखवावी लागतात. गेल्या हिवाळ्यात खोटं नाव देऊन आलेल्या एका माणसाने मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत अडवलं. दारात उभा राहून तो बाजूलाच होईना. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि मी सुटले. त्यानंतर मी पिस्तूल बाळगण्याचं लायसन्स काढलं आणि ग्लॉक ४३एक्स हे छोटं पिस्तूल घेतलं. ते पर्सच्या वेगळ्या कप्प्यात असतं. लायसन्सच्या वर्गातले सर म्हणाले, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला, जिथून गोळी सुटते तिथे) गोळी नसेल तर पिस्तूल असून नसल्यासारखंच. नवरा म्हणतो, घरात पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि इस्रायलमध्येसुद्धा चेंबर रिकामं ठेवायला शिकवतात, मग तुला कसली घाई? मला दोघांचंही पटतं आणि रात्र रात्र झोप लागत नाही. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. पुढच्या महिन्यात सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येताहेत. गोळी चेंबरमध्ये ठेवू की नको, एवढं सांगा.

उत्तर

सस्नेह नमस्कार,

उत्तर आधी देते, कारणं नंतर. पर्समध्ये असेल तर नको, आणि पर्समध्ये पिस्तूल ठेवणंही आजपासूनच थांबवा. कमरेला, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या कडक होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) असेल आणि ते काढण्या-ठेवण्याचा सराव अंगवळणी पडला असेल, तर हो, चेंबरमध्ये गोळी ठेवा. मधल्या काळात पिस्तूल घरी तिजोरीत राहू दे. "सध्या चेंबर रिकामं ठेवते, सवय झाली की भरेन" असा मधला मार्ग बरेच जण काढतात. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे जरा विस्ताराने सांगते.

तुम्हाला सल्ला देणारे दोघंही खरं बोलताहेत. सरांच्या डोळ्यांसमोर ती वरच्या मजल्यावरची खोली आहे, तुमच्या नवऱ्याच्या डोळ्यांसमोर तुमची बैठकीची खोली. पण पिस्तूल एकच आहे आणि ते दोन्हीकडे जाणार. वापरायची वेळ आलीच तर ती काही सेकंदांची असेल. बाकीचे सगळे तास ते तुमच्या अंगावर, गाडीत, घरात असणार. म्हणून आधी या बाकीच्या तासांची सोय लावायला हवी. ती लागली की चेंबरचा प्रश्न बऱ्यापैकी आपोआप सुटतो.

तुमच्या पिस्तुलाच्या आत काय चालतं ते पाहू. त्याला अंगठ्याने दाबायचा सेफ्टीचा खटका नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ पासून त्या कंपनीची रचना तीच आहे. ट्रिगरच्या मधोमध एक छोटी पट्टी असते, ती नीट दाबली गेल्याशिवाय ट्रिगर मागे जात नाही. आत एक तुकडा फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसावर आपटून ते उडवणाऱ्या पिनची, वाट अडवून उभा असतो. तिसरी सोय अशी, की पिस्तूल हातातून पडलं तरी पिन निसटत नाही. ट्रिगर ओढताना या तिन्ही अडथळ्यांची वाट एकापाठोपाठ एक मोकळी होते आणि सोडला की तिन्ही परत जागेवर येतात. म्हणजे ट्रिगर ओढला जात नाही तोवर चेंबरमधली गोळी गप्प बसते. पण ट्रिगर कुणी ओढला हे पिस्तुलाला कळत नाही. तुमचं बोट, पर्समधली लिपस्टिक, जॅकेटची नाडी, मुलाचा अंगठा, त्याला सगळं सारखंच. आणि त्यासाठी लागणारा जोर सुमारे अडीच किलोचा. तेव्हा "चेंबरमध्ये गोळी असणं सुरक्षित आहे का" हा प्रश्न फिरून "ट्रिगरला नको ते लागू शकतं का" इथेच येऊन थांबतो.

चेंबर रिकामं ठेवायची प्रथा वेडेपणातून आलेली नाही, हेही सांगायला हवं. कोल्ट कंपनीचं १८७३ चं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, पण जाणती माणसं त्यात पाचच भरत आणि घोडा (गोळीवर आपटणारा मागचा भाग) रिकाम्या घरावर टेकवत, कारण त्या घोड्यावर फटका बसला तर खालची गोळी उडू शकत असे. रूगर कंपनीने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत ट्रिगर ओढल्यावरच घोड्याचा फटका गोळीपर्यंत पोचवणारी मधली पट्टी बसवली, तेव्हापासून त्या बनावटीत सहाही भरता येऊ लागल्या. इस्रायलचंही तसंच. सुरुवातीच्या काळात तिथे देशोदेशींची, निरनिराळ्या सेफ्टीची पिस्तुलं होती आणि घाईत शिकवलेली माणसं. सगळ्यांना एकच नियम लावायचा तर चेंबर रिकामं ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा उपाय होता. शिवाय ज्यांना हे शिकवतात, त्यांच्याकडून पिस्तूल काढता काढता स्लाइड (वरचा सरकता भाग) खेचून गोळी चेंबरमध्ये आणण्याचा सराव घोटून घेतात. आपल्याकडे रिकाम्या चेंबरचा नियम तेवढा उचलतात आणि सराव तिथेच राहतो.

आता त्या दिवसाकडे या. तुमचे दोन्ही हात तेव्हा कुठे होते? एकात फोन असेल, दुसऱ्यात किल्ल्या किंवा कागद. माणूस अंगावर आला असता तर एक हात त्याला मागे रेटायला गेला असता, ते आपोआप होतं. रिकाम्या चेंबरच्या पिस्तुलाला दोन हात लागतात, आणि दोन्ही मोकळे असावे लागतात. छोट्या पिस्तुलाची स्प्रिंग कडक असते. भेदरलेल्या हाताने स्लाइड अर्धवट खेचली, किंवा ती पुढे जाताना हात तिच्यावरच राहिला, की काडतूस मध्येच अडकतं. मग ते सोडवायला आणखी दोन-तीन हालचाली. नेमबाजीच्या रेंजवर निवांत उभं राहून हे दहा वेळा जमतं, पण दारात माणूस उभा असताना जमेल याचा भरवसा कुणीही देऊ नये.

अंतराचं म्हणाल, तर सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये एक गोष्ट लोकांच्या लक्षात आणून दिली. २१ फुटांवरून, म्हणजे सुमारे साडेसहा मीटरवरून, धडधाकट माणूस साधारण दीड सेकंदात अंगाला भिडतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायलाही सरावलेल्या माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. घराच्या बेडरूममध्ये २१ फूट मिळत नाहीत. सदऱ्याखालून पिस्तूल काढायचं आणि वर स्लाइड खेचायची, हे त्या वेळात बसवणं फार अवघड. यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती तुमच्या सरांना कदाचित आवडणार नाही: चेंबर भरलेलं असलं तरी खोलीच्या आतल्या बाजूला अडकलेल्या माणसाला पिस्तूल वेळेवर मिळेलच असं नाही. त्यावर पुढे बोलते.

आधी पर्स. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्यात एका मोठ्या दुकानात एक आई मुलांना घेऊन खरेदी करत होती. पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेल्या पर्समध्ये, वेगळ्या चेनच्या कप्प्यात तिचं पिस्तूल होतं. पर्स ढकलगाडीत, बाळापाशी. दोन वर्षांच्या बाळाने ते काढलं आणि गोळी आईला लागली. ती जागीच गेली. ती बाई शिकलेली होती, शस्त्रांची सवय असलेली होती, लायसन्सवाली होती. मला ही घटना आठवते तेव्हा त्या कप्प्याची चेन आठवते, कारण दुकानात अशा पर्स विकताना तीच दाखवतात. पर्स आपण खाली ठेवतो, खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याच्या हातात देतो. तुमच्या घरात पुढच्या महिन्यात सासूबाई सोफ्यावरची पर्स उचलून कपाटात ठेवतील, त्या मायेने ठेवतील. आणि पर्स हिसकावली गेली तर चोराच्या हातात आयतंच पिस्तूल.

"मग पर्समध्येच ठेवते, पण चेंबर रिकामं" असं म्हणाल. खरं आहे, पाच वर्षांच्या मुलाला स्लाइड खेचता येण्याची शक्यता कमी आहे. रिकाम्या चेंबरचा तेवढा एक प्रामाणिक फायदा मी मान्य करते. पण मूल दर वर्षी वाढतं, त्याच्याबरोबर खेळायला नऊ-दहा वर्षांची मुलंही येतात, आणि आपण मात्र "चेंबर रिकामं आहे ना" म्हणत निर्धास्त होत जातो. टेक्सासचा कायदाही हा फरक करत नाही. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती पिस्तूल लागू देणं हा तिथे गुन्हा आहे, आणि त्या कलमात "लगेच झाडता येण्याजोगं" याची व्याख्याच अशी आहे की चेंबरमध्ये गोळी असो वा नसो, पिस्तुलात काडतुसं भरलेली असली की ते त्यात आलं.

दुसरी दोन उदाहरणं होल्स्टरची. न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस २००८ च्या नोव्हेंबरमध्ये एका नाइटक्लबमध्ये गेला, ग्लॉक होल्स्टरशिवाय नुसतं पँटच्या कमरेत खोचून. ते घसरायला लागलं, त्याने सावरायला हात घातला आणि गोळी स्वतःच्या मांडीत. न्यूयॉर्कचं लायसन्स नव्हतं म्हणून वर दोन वर्षांची शिक्षा. २०१८ च्या जूनमध्ये डेन्व्हरच्या एका बारमध्ये सुट्टीवर असलेल्या एफबीआय एजंटने नाचताना मागे कोलांटी मारली. पिस्तूल कमरेतून जमिनीवर पडलं. पडताना काही झालं नाही. उचलताना गोळी सुटली आणि शेजारच्या माणसाच्या पायात लागली. दोन्ही ठिकाणी ट्रिगर हातानेच दाबला गेला, आणि दोन्ही ठिकाणी पिस्तूल जागेवर घट्ट धरलेलं नव्हतं. माझ्या विद्यार्थिनींना मी म्हणूनच सांगते: पिस्तूल पडलं तर पडू द्या, झेलायला जाऊ नका. ते थांबलं की मग उचला, बोट ट्रिगरपासून लांब ठेवून.

(पडण्यावरून: २०१७ मध्ये सिग सावर कंपनीला आपल्या पी३२० या पिस्तुलात मोफत दुरुस्ती जाहीर करावी लागली होती, कारण ठरावीक कोनात पडल्यावर त्यातून गोळी सुटू शकते असं चाचण्यांत दिसलं. तुमचं मॉडेल ते नाही. पण कुठलंही पिस्तूल घेतलं की त्या मॉडेलबद्दल कंपनीने काही जाहीर केलंय का, हे एकदा तपासावं.)

होल्स्टर घेताना एवढं बघा. ते कायडेक्ससारख्या कडक प्लॅस्टिकचं, तुमच्याच मॉडेलच्या मापाचं असावं. ट्रिगरभोवतीची कडी दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकली जावी, आणि बाहेरून बोटाने दाबलं तरी आत ट्रिगर हलू नये. पिस्तूल उलटं धरून हलवलं तरी होल्स्टरमधून गळू नये, हे अर्थातच रिकामं करून तपासायचं. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडं राहावं. मऊ चामड्याची आणि कापडी होल्स्टरं कालांतराने लोळागोळा होतात, त्यांची कड आत दुमडते आणि पिस्तूल परत ठेवताना तीच ट्रिगरवर येते. "कुठल्याही पिस्तुलाला चालेल" असं लिहिलेलं होल्स्टर घेऊ नका. आणि पट्टा. बायकांच्या पँट-कुर्त्याला पट्टाच नसतो ही खरी अडचण आहे, मला माहीत आहे. त्यासाठी पोटाला बांधायचे रुंद पट्टे मिळतात. त्यांतला नुसता कापडी कप्पा असलेला नको, कडक होल्स्टर बसवता येईल असाच घ्या. कामाच्या कपड्यांत थोडा बदल करावा लागेल. तो करायची तयारी नसेल तर पिस्तूल बाळगण्याचा विचारच पुन्हा करा, असं मी स्पष्ट सांगते.

आता सगळ्यात जास्त लक्ष जिथे द्यायचं ते. अपघात पिस्तूल कमरेला असताना फारसे होत नाहीत. ते होतात काढताना आणि विशेषतः परत ठेवताना. पिस्तूल बाहेर काढायला घाई असू शकते, परत ठेवायला कधीच नसते. परत ठेवताना बोट स्लाइडच्या बाजूला सरळ, दुसऱ्या हाताने सदरा पूर्ण वर, होल्स्टरच्या तोंडाकडे डोळ्यांनी बघायचं, नाडी, कापड, काही आत नाही ना ते पाहायचं आणि सावकाश सरकवायचं. कुठे अडतंय असं वाटलं तर रेटायचं नाही, थांबायचं. ग्लॉकच्या मागच्या पाटीच्या जागी बसवायचा एक छोटा भाग मिळतो, स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस म्हणून. परत ठेवताना त्यावर अंगठा दाबून ठेवला की ट्रिगरला काही लागत असल्यास अंगठ्याला कळतं आणि ट्रिगर मागे जाऊ शकत नाही. पोटावर, पुढच्या बाजूला होल्स्टर लावणाऱ्यांना मी तो आवर्जून सुचवते, कारण तिथे नळीचं तोंड मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असतं.

आणखी एक युक्ती, खरं तर शिस्त: पिस्तूल होल्स्टरमधून काढून ठेवण्याऐवजी होल्स्टरसकट काढून ठेवा. तुम्ही मुलाला शाळेतून आणत असणार. शाळेच्या इमारतीत पिस्तूल नेता येत नाही, लायसन्स असलं तरी. मग गाडीत काढणं आलं. गाडीच्या सीटवर, अवघडून बसून, घाईत पिस्तूल हाताळणं हा दिवसातला सगळ्यात वाईट क्षण. होल्स्टरची क्लिप सोडवा, अख्खं होल्स्टर पिस्तुलासकट सीटखाली केबलने बांधलेल्या कुलपी पेटीत ठेवा. ट्रिगर झाकलेलाच राहतो. असं सारखं काढ-घाल करावं लागत असेल तर त्या दिवशी पिस्तूल घरीच ठेवणं जास्त शहाणपणाचं. टेक्सासमध्ये २०२१ च्या सप्टेंबरपासून लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं, पण तुम्ही लायसन्स काढलंत हे उत्तम केलंत. शाळेपासून हजार फुटांच्या आत पिस्तूल नेण्याला जी केंद्रीय कायद्याची बंदी आहे, तिच्यातून राज्याचं लायसन्स असणाऱ्याला सूट मिळते. तुमच्या कंपनीशी झालेल्या करारात कामावर शस्त्र चालतं का, तेही वाचून घ्या.

रिकामं करतानाचा क्रम कधीही चुकवू नका: आधी मॅगझिन (मुठीतली काडतुसांची पेटी) बाहेर, मग स्लाइड खेचून चेंबरमधली गोळी बाहेर, मग स्लाइड मागे अडकवून डोळ्यांनी आणि बोटाने चेंबर तपासायचं. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड खेचली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिली गोळी बाहेर पडते आणि स्लाइड पुढे जाताना दुसरी चेंबरमध्ये बसते. हातात मॅगझिन, जमिनीवर एक गोळी, आणि मनात पक्की खात्री की पिस्तूल रिकामं. माणसं याच खात्रीने मरतात. ग्लॉक साफ करायला उघडताना ट्रिगर ओढावाच लागतो, म्हणून त्याच्या मालकांना हा क्रम झोपेतही यायला हवा. मॅगझिन काढलं तरी चेंबरमधली गोळी तुमच्या पिस्तुलातून सुटते, हेही नवऱ्याला सांगून ठेवा.

रोज रात्री गोळी काढायची आणि सकाळी तीच परत भरायची, असंही करू नका. एकच काडतूस वारंवार चेंबरमध्ये आपटलं की त्याची गोळी पुंगळीत आत सरकू शकते. मग दाब धोकादायक वाढतो. शिवाय प्रत्येक काढ-घाल म्हणजे चुकीची आणखी एक संधी. घरी आलात की होल्स्टरसकट पिस्तूल तिजोरीत, तसंच भरलेलं, आणि तिजोरी बंद. एका हाताने आकडे दाबून उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात, ती भिंतीला किंवा पलंगाच्या चौकटीला बोल्टने बसवून घ्या. उशीखाली, कपाटावर, पायमोज्यांच्या खणात, यांतली कुठलीही जागा मुलांना माहीत नसते असं फक्त आईवडिलांना वाटतं.

सासू-सासऱ्यांबद्दल तुम्ही सहज लिहिलंत, पण त्यात कायद्याची मोठी गोष्ट आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. शिकारीचं लायसन्स असण्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई नाही, म्हणून तुम्ही घेऊ शकलात. एच-१बी वरच्या आपल्या अनेक मंडळींना तीच मनाई लागू आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते ठाऊक नसतं. तेव्हा तिजोरीचा आकडा सासू-सासऱ्यांना सांगायचा नाही, सासऱ्यांना कौतुकाने "बघा तरी" म्हणून हातात द्यायचं नाही, हौसेने रेंजवरही न्यायचं नाही. घरात पिस्तूल आहे हे मात्र त्यांना जरूर सांगा. सहा महिने एका छताखाली राहायचं, तर लपवाछपवी नको, आणि मुलावर लक्ष ठेवणारी आणखी दोन माणसं मिळतील.

सरावाचं बोलू. लायसन्सच्या परीक्षेत तुम्ही ५० गोळ्या झाडल्यात, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. त्यात सदरा बाजूला करून होल्स्टरमधून पिस्तूल काढायला कुणी लावलं नसेल, परत ठेवायलाही नाही. म्हणजे ज्या दोन हालचालींवर सगळं अवलंबून आहे, त्यांची परीक्षा झालेलीच नाही. होल्स्टरमधून काढण्याचा वेगळा वर्ग असतो, तो करा. मग घरी काही आठवडे रिकाम्या पिस्तुलाने सराव. खोलीत एकही खरी गोळी नको, मूल घरात नसताना, नळीचं तोंड भक्कम भिंतीकडे. सरावाला नकली काडतुसं मिळतात. काढणं आणि परत ठेवणं, दोन्ही, सावकाश. वेग आपोआप येतो. एक चांगली कसोटी सांगते: नकली काडतूस चेंबरमध्ये ठेवून, होल्स्टर लावून, दिवसभर घरात नेहमीची कामं करा, वाका, मुलाला उचला, जिने चढा. रात्री ट्रिगर जसाच्या तसा पुढे असेल आणि स्ट्रायकर (ग्लॉकची फायरिंग पिन) सुटलेला नसेल, तर तुमच्या भीतीला उत्तर मिळतं. असे बरेच दिवस गेले की चेंबरमध्ये खरी गोळी ठेवायला मन तयार होतं, आणि ती तयारी माझ्या सांगण्याने आलेल्या तयारीपेक्षा पक्की असते.

हे सगळं करूनही ग्लॉकच्या ट्रिगरची भीती गेली नाही, तर स्वतःला भित्रं म्हणू नका, पिस्तूल बदला. अंगठ्याची सेफ्टी असलेली छोटी पिस्तुलं आहेत. पहिला ट्रिगर लांब आणि जड असलेली डबल ॲक्शन पिस्तुलं आहेत. साधं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर आहे, त्याचा ट्रिगर तुमच्या ग्लॉकच्या जवळपास दुप्पट जड असतो आणि स्लाइड खेचण्याचा प्रश्नच नाही. त्याने नेम धरणं मात्र अवघड, हेही ऐकून ठेवा. तरी चेंबर रिकामं ठेवलेल्या ग्लॉकपेक्षा मला ते तुमच्यासाठी बरं वाटतं.

आणि त्या खोलीबद्दल. नव्या ग्राहकाला पहिल्यांदा ऑफिसातच भेटा, ओळखपत्राचा फोटो घेऊन सहकाऱ्याला पाठवा. घरात कायम त्याला पुढे चालू द्या, खोलीत तुम्ही शिरू नका, दारात उभ्या राहून "बघून या" म्हणा. तुमच्या आणि बाहेरच्या दाराच्या मध्ये तो कधीच नको. वरचा मजला, तळघर, गॅरेज त्याला एकट्याला बघू दे. संध्याकाळनंतरची रिकामी घरं दोघींनी मिळून दाखवा. त्या दिवशी हे केलं असतं तर, असं मी अजिबात म्हणत नाही, दोष त्या माणसाचाच. पण दारापाशी उभी असलेली बाई पळू शकते, आणि पळता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते मी दोनदा वाचलं. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यांतल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. तुमच्याबद्दल मी काही गृहीत धरत नाही. पण अशा प्रसंगानंतर मन बरेच दिवस ताळ्यावर नसतं, आणि घरात पिस्तूल असताना त्याकडे दुर्लक्ष करू नये. एखाद्या समुपदेशकाशी त्या दिवसाबद्दल बोला. फारच अंधारून आलं तर मानसिक संकटातल्या माणसांसाठीचा ९८८ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, आणि तेवढे दिवस पिस्तूल घराबाहेर, विश्वासातल्या आणि कायद्याने ठेवू शकणाऱ्या माणसाकडे द्या.

राहिला नवरा. त्यांची काळजी रास्त आहे, आणि "सर म्हणाले" एवढ्यावर ती जाणार नाही. होल्स्टरचा वर्ग दोघांनी मिळून करा. त्यांना पिस्तूल बाळगायचं नसेल तरी ते रिकामं कसं करायचं, हे घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला आलंच पाहिजे. तिजोरी कुठे बसवायची ते त्यांना ठरवू द्या, आणि आई-बाबांचं विमान उतरायच्या आधी ती भिंतीत बसलेली असू दे.